हाक आणि विचारपूस (मालवणी बोली)

सिंधुदुर्ग जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या मालवणीत माणसाला हाक मारण्याची आणि भेटल्यावर विचारपूस करण्याची रीत. ‘नमस्कार’ हा शब्द गावात ठाऊक असतो, पण रोजच्या वाटेवर तो फारसा ऐकू येत नाही. त्याचे काम प्रश्नच करतो : ‘काय रे, बरा मा?’ यातला ‘मा’ म्हणजे ‘ना’. उत्तर ‘बरा आसा’ एवढेच. त्यापुढे थांबून तब्येतीचा पाढा वाचणे अपेक्षित नसते.

हाकेचा सगळा अर्थ शेवटच्या अक्षरात असतो. बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला ‘रे’, बाईला ‘गो’. आईलाही ‘आये गो’ चालते, त्यात अनादर नाही. वडीलधाऱ्यांना मात्र ‘नू’ लावतात : ‘तात्यानू’, ‘काकीनू’, ‘मास्तरानू’. प्रमाण मराठीत ‘-नो’ अनेकांना लागतो. इथे ‘-नू’ एकट्या माणसालाही लागतो, तो मानाचा म्हणून. नवखा माणूस चुकतो तो नावात. ‘बाबलो’ हे नाव झाले, पण हाक ‘बाबल्या’ अशीच मारायची. तसेच मुलगा ‘झील’, हाक ‘झिला’. मुलगी ‘चेडू’, हाक ‘चेडवा’. ‘मेल्या’ हा शब्द जिवलगाला लाडाने म्हणतात. अनोळखी माणसाला म्हटला तर भांडण ठरलेले.

घरे वाडीत विखुरलेली, मध्ये गडगे म्हणजे दगडी कुंपणे, आंबे, काजू. त्यामुळे लांबची हाक ओढूनच मारावी लागते. नावाचा शेवटचा स्वर ताणतात : ‘बाबल्याऽऽ’. त्याहून लांब, डोंगराच्या कुशीत किंवा शेताच्या पलीकडे, शब्द फुटतात आणि कळत नाहीत. तिथे नुसता ‘कूऽऽ’ असा कुकारो घालतात आणि समोरून तसाच कुकारो आला की मग पुढचे बोलतात. कुणाच्या घरी गेल्यावर थेट पडवीत चढत नाहीत. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहून ‘आसात काय घरात?’ विचारतात, आतून ‘येवा’ आले की पाय धुऊन वर.

बाहेर पडलेल्याला ‘खंय चललंस?’ म्हणजे ‘कुठे चाललास?’ हा सर्रास विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बहुधा ‘हय, वायच बाजारात’, म्हणजे ‘इथेच, जरा बाजारात’. तरी महत्त्वाच्या कामाला निघालेल्याला ‘खंय’ म्हणून टोकू नये असे जुनी माणसे मानतात. निरोप घेताना ‘जातंय’ म्हणणे अशुभ. ‘येतंय’ म्हणायचे, आणि घरचे ‘ये हां’ म्हणतात.

रात्रीच्या हाकेला वेगळा नियम आहे. भुताखेताची हाक एकदाच येते या समजुतीने पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, तिसरीपर्यंत थांबतात. म्हणून रात्री दार वाजवणारा जाणता माणूस तीनदा हाक मारतो आणि लगेच ‘मी रे’ म्हणत स्वतःचे नाव सांगतो.