पियानोच्या हळव्या गाण्यांची पार्श्वभूमी

मनाला भिडणाऱ्या लोकप्रिय गाण्यांची आठवण काढली की त्यांत पियानोच्या आधाराने उभ्या राहिलेल्या रचना हटकून येतात, आणि याचे कारण या वाद्याच्या घडणीतच आहे. पट्टीवर बोट पडले की आतली हातोडी तारेवर आघात करते, सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून तो विरू लागतो. गायकाला सूर लावून धरता येतो, व्हायोलिनवादकाला तो फुगवता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेता येते. पियानोवादकाला मात्र एकदा उमटलेल्या सुरात नंतर काहीही घालता येत नाही. पियानोवरच्या संगीतातील आर्तता मुख्यतः या मर्यादेतून आली, असे मला वाटते.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यनिर्मात्याच्या पियानो या नव्या वाद्याची नोंद १७०० सालच्या दरबारी वाद्यसूचीत सापडते. त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यामध्ये तार छेडली जात असे, त्यामुळे बोट जोरात पडो वा हळुवार, आवाज जवळपास सारखाच येई. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोडीने आघात करण्याची योजना केली आणि आघात होताच हातोडी मागे पडून तार मोकळी राहील अशी यंत्रणा बसवली. बोटातला जोर किंवा संयम आता थेट ऐकू येऊ लागला. त्याचे तीन पियानो आजही टिकून असून, त्यांतला सर्वांत जुना, १७२० सालचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

विरणाऱ्या सुराला दीर्घ करण्याचे साधन म्हणजे पेडल. पट्टी सोडताच तारेवर टेकून तिचा नाद थांबवणारे दाबक पेडलमुळे एकदम उचलले जातात, सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि वाजवलेल्या सुरांबरोबर न वाजवलेल्या ताराही मंद घुमू लागतात. बेथोव्हेनने १८०१ मध्ये रचलेल्या आणि पुढे ‘मूनलाइट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या सोनाटाचा (अनेक भागांच्या वाद्यरचनेचा) पहिला भाग संपूर्णपणे दाबक उचललेल्या स्थितीत वाजवावा, अशी सूचना त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच्या काळच्या पियानोचा नाद आजच्यापेक्षा लवकर मावळत असे, म्हणून ते शक्य होते. आजच्या वाद्यावर ती सूचना शब्दशः पाळली तर सूर एकमेकांत कालवले जातात आणि वादकांना पेडल वारंवार बदलावे लागते. (‘मूनलाइट’ हे नाव बेथोव्हेनचे नव्हे, लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने केलेल्या चांदण्याच्या उपमेवरून ते बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर रूढ झाले.) या भागात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा समूह, फोडून तिचे सूर तीन-तीनच्या गटांत सतत वाहते ठेवले आहेत, म्हणजे एक सूर विरेपर्यंत दुसरा त्याची जागा घेतो, आणि वर मोजक्या सुरांची संथ धून चालते. आजच्या कितीतरी हळव्या गाण्यांची साथ याच रीतीने बांधलेली असते.

पियानोला गायला लावण्याची पुढची पायरी आयरिश वादक जॉन फील्डच्या ‘नॉक्टर्न’ (रात्रगीत) नावाच्या छोट्या रचनांनी गाठली. त्यांतल्या पहिल्या रचना १८१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रकाशित झाल्या. पोलिश संगीतकार शोपँने तो प्रकार विलक्षण उंचीवर नेला. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने गायकासारखे किंचित रेंगाळावे, किंचित पुढे जावे, ही त्याची शिकवण होती, आणि इटालियन ऑपेराच्या गायकांना ऐका, असे तो शिष्यांना आवर्जून सांगे. मींड न घेता येणाऱ्या वाद्यावर गळ्याची हरकत सुचवण्याचे त्याचे कसब आजही थक्क करते.

याच शतकात सेबास्तियाँ एरारची सूर झपाट्याने पुन्हा वाजवू देणारी यंत्रणा (१८२१), ओतीव बिडाची चौकट, हातोडीवरचा नमदा आणि स्टाइनवे कंपनीची एकमेकींवरून तिरक्या नेलेल्या तारांची मांडणी (१८५९) या सुधारणांमुळे सूर अधिक भरदार झाला व अधिक काळ टिकू लागला. पियानो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला, आणि ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या त्या काळात नवे गाणे विकले जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपाने, एका गळ्यासाठी आणि एका पियानोसाठी. लोकप्रिय गाण्याचा सांगाडा पियानोवर ठरण्याची प्रथा तेथून पडली.

विसाव्या शतकातील या गाण्यांचा खरा उगम मात्र, माझ्या मते, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे दुःखगर्भ लोकसंगीत वाजवणारा पियानोवादक टॉमस डॉर्सी याची पत्नी १९३२ मध्ये बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्या दुःखातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशियस लॉर्ड’ हे गीत रचले. ब्लूजच्या कॉर्ड आणि प्रार्थनेचे शब्द एकत्र आणणारी ही गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीतांची) शैली रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिन यांच्यामार्फत लोकप्रिय संगीतात उतरली. सायमन आणि गारफंकल यांचे १९७० सालचे ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ पॉल सायमनने गिटारवर रचले होते, पण लॅरी नेक्टेलने त्याला गॉस्पेल वळणाची पियानोची साथ दिली आणि आज त्या साथीवाचून ते गाणे डोळ्यांपुढे येत नाही. त्याच वर्षी आलेल्या बीटल्सच्या ‘लेट इट बी’च्या सुरुवातीच्या कॉर्डमध्येही चर्चचाच गंभीरपणा आहे, पॉल मॅकार्टनी चौदा वर्षांचा असताना वारलेली त्याची आई मेरी त्याच्या स्वप्नात आली, त्यातून ते सुचले. एल्टन जॉनचे ‘युअर साँग’ही १९७० चेच. ते लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत मुद्रित झाले. बीटल्सचे ‘हे ज्यूड’ आणि डेव्हिड बोवीचे ‘लाइफ ऑन मार्स?’ ही गाणीही तेथलीच, आणि तेथील बेखश्टाइन या जर्मन कंपनीच्या पियानोचा लखलखीत सूर त्या काळच्या गाण्यांची ओळख बनला.

वाद्यातील उणीव रचनेला कसे वळण देते, याचे ठळक उदाहरण म्हणजे २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतील कोलोन येथे झालेली अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची मैफल. व्यासपीठावर चुकून छोटा, नादुरुस्त पियानो ठेवला गेला होता; त्याचे वरचे सप्तक पातळ होते आणि खर्जात घुमारा नव्हता. जॅरेट बराचसा मधल्या सप्तकात राहिला, डाव्या हाताने त्याच त्या आकृती घोळवत राहिला, आणि आयत्या वेळी सुचलेल्या त्या वादनाचे मुद्रण एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रणांत गणले जाते.

२०११ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या ‘समवन लाइक यू’ने एक गळा आणि एक पियानो एवढ्यावर ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला, म्हणजे घराघरातील छापील स्वरलिपीच्या काळची जोडी पुन्हा केंद्रस्थानी आली. त्याच वर्षी बर्लिनच्या निल्स फ्राम या पियानोवादकाने ‘फेल्ट’ (म्हणजे नमदा) हा संग्रह काढला. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने तारांवर नमदा घातला होता, आणि मायक्रोफोन इतके जवळ ठेवले की हातोड्यांची हालचालही ऐकू येते. असा मऊ, दबका पियानो त्यानंतर चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात सर्रास आढळू लागला. मूळ कल्पना मात्र जुनी आहे: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्हिएन्नातील पियानोंना हातोडी आणि तार यांच्यामध्ये कापडाची पट्टी सरकवणारे पेडल असे, आणि आजच्या अनेक उभ्या पियानोंचे मधले पेडल हेच काम करते.