आफ्रिकी लेखिकांचे पुरुष आणि इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला आफ्रिकी पुरुष भेटतो तो बहुधा ओकोंक्वोच्या रूपात. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीतला (१९५८) हा कुस्तीगीर, बापाच्या नेभळटपणाची लाज वाटणारा. १९६८ मध्ये केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो आणि दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकी साहित्य मध्यभागी आणा, अशी मागणी केली. अभ्यासक्रमाचं दार किलकिलं झालं, पण आधी आत शिरले ते पुरुष लेखकच.

वास्तविक नायजेरियन लेखिका फ्लोरा न्वापांची कादंबरी ‘एफुरू’ १९६६ मध्येच आली होती. तिच्यात नवरे सोडून जातात किंवा विश्वास गमावतात, एफुरूचा व्यापार मात्र चालू राहतो. बुची एमेचेटांनी ‘द जॉइज ऑफ मदरहूड’मध्ये (१९७९) पुरुषाकडे अधिक रोखून पाहिलं. लागोसमधला न्नाइफे गोऱ्या साहेबाकडे धोबी आहे. मडमेचे आतले कपडेही तोच धुतो, आणि गावाकडून आलेल्या बायकोला प्रश्न पडतो, हा कसला पुरुष? साहेबापुढे वाकणारा हाच माणूस घरी हुकूम सोडतो. पुरुषपणाची अभ्यासशाखा नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधीचं हे लेखन. या शाखेतलं समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांचं गाजलेलं पुस्तक ‘मॅस्क्युलिनिटीज’ १९९५ चं.

पुढच्या दोन कादंबऱ्यांत तर खुद्द इंग्रजी शिक्षणच संशयित ठरतं. त्सित्सी डांगारेम्ब्गांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’मधले (१९८८) बाबामुकुरू मिशन शाळेचे मुख्याध्यापक आहेत. विलायतेत शिकून आल्यामुळे सगळं खानदान त्यांच्या शब्दाबाहेर नाही. चिमामांडा न्गोझी अडिचींच्या ‘पर्पल हिबिस्कस’मधला (२००३) यूजीन मुलांना चारचौघांत इग्बो ही त्यांची मातृभाषा बोलू देत नाही. शिक्षा म्हणून तो मुलीच्या पायांवर कढत पाणी ओततो आणि नंतर तिला सांगतो, की लहानपणी आपल्याही हातून ‘पाप’ घडलं तेव्हा पाद्र्याने आपले हात गरम पाण्यात बुडवले होते. हुकूमशाहीविरुद्ध ठामपणे उभं राहणाऱ्या वर्तमानपत्राचा मालकही हाच.

माझ्या मते वर्गात हे प्रकरण बहुतेकदा ‘स्त्रीवाद’ या शीर्षकाखाली उरकलं जातं. यूजीन खलनायक, विषय संपला. ते पाणी त्याच्या हाती कुठून आलं हे विचारायचं, तर त्या पाद्र्याबद्दल, मिशन शाळेबद्दल बोलावं लागतं. म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्याला स्वतःच्या विषयाचा इतिहासच फळ्यावर मांडावा लागतो.