मुंबईच्या फोर्टमध्ये रविवारी शुकशुकाट का असतो?

कामाच्या दिवशी दुपारी एक वाजता दलाल स्ट्रीटच्या आसपास खाण्याच्या गाड्यांपुढे उभं राहायला जागा नसते. रविवारी तिथेच शटरं खाली, आणि पलीकडे बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवर पोरं खुशाल क्रिकेट खेळतात.

हे तासांचं गणित आहे. आठवड्याचे तास १६८. पाच दिवस नऊ ते सात ऑफिसं चालली तर भरतात ५०. उरलेले ११८ तास, म्हणजे सत्तर टक्के वेळ, त्या भागात कुणाचं काहीच काम नसतं. जेवणाची गर्दी रोज दोन तास धरली तर आठवड्याला फक्त १०. दुकानाचं भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. रात्री उघडं ठेवायचं तर दुसऱ्या पाळीचा पगार आणि विजेचं बिल चार गिऱ्हाइकांतून सुटत नाही. एक शटर पडलं की तेवढा उजेड जातो, वर्दळ घटते आणि शेजारच्यालाही लवकर बंद करावं लागतं.

बॅलार्ड इस्टेट उभारलीच गेली कचेऱ्यांसाठी, १९१४ ते १९१८ दरम्यान. तिथून फार लांब नसलेल्या गिरगावात खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं, म्हणून रात्रीही औषधाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं. लंडनच्या ‘सिटी’मध्ये, म्हणजे तिथल्या बँका-कचेऱ्यांच्या जुन्या भागात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सव्वा लाख माणसं राहत होती. जागेला ऑफिसं जास्त भाव देऊ लागली आणि रहिवासी हटत गेले. आज तिथे सहा लाखांवर लोक कामाला येतात, पण २०२१च्या जनगणनेत रहिवासी होते जेमतेम ८,६००.

मग रिकाम्या ऑफिसांची घरं का करत नाहीत? न्यूयॉर्कने लोअर मॅनहॅटनमध्ये १९९५पासून करसवलत देऊन ती केली, वस्तीही वाढली. पण प्रत्येक इमारतीला ते जमत नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण अडीचपटच उजेड आत पोहोचतो, म्हणजे सहा-सात मीटर. काचेच्या टॉवरचा मजला त्याच्या दुप्पट खोल असू शकतो. संडास लिफ्टजवळ एकवटलेले असतात. घर करायचं तर प्रत्येकाला स्वतंत्र न्हाणीघर हवं. मैल्याच्या चार इंची पाइपला साठास एक असा उतार दिला, तर दहा मीटरवर सतरा सेंटिमीटर जातात आणि तेवढं छत खाली येतं. उंच खिडक्यांच्या जुन्या, अरुंद इमारती यात कितीतरी सोप्या. सुरुवात तिथूनच करावी, आणि तळमजल्यावर पार्किंगची भिंत न घालता रस्त्याकडे तोंड केलेले गाळेच ठेवावेत.