डेस्मोसोम

शेजारच्या दोन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारा प्रथिनांचा सांधा. जिथे घर्षण आणि ताण सतत सोसावे लागतात, तिथे हे सांधे दाटीने आढळतात: बाह्यत्वचा, तोंडाचे अस्तर, हृदयाचा स्नायू. नाव ग्रीक भाषेतले. ‘डेस्मोस’ म्हणजे बंध, ‘सोमा’ म्हणजे शरीर. ते जोसेफ शाफर यांनी १९२० मध्ये दिले. सांधा मात्र इटालियन संशोधक जूलिओ बिझ्झोझेरो यांनी १८६४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली टिपला होता.

बाह्यत्वचेच्या मधल्या थराला ‘काटेरी’ म्हणतात ते याच सांध्यांमुळे. काचपट्टी तयार करताना पेशी आक्रसतात, पण डेस्मोसोम सुटत नाहीत. त्यामुळे पेशी फक्त त्या जागी ओढलेल्या राहतात आणि काटे दिसतात. जिवंत त्वचेत हे काटे नसतात.

डेस्मोसोमची तुलना टिचबटणाशी करता येईल. व्यास साधारण ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर, दोन पेशीपटलांमधली फट सुमारे ३० नॅनोमीटर. या फटीत दोन्ही बाजूंनी डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन ही कॅडहेरिन कुळातली प्रथिने एकमेकांत अडकतात. पटलाच्या आत त्यांच्या शेपट्या प्लाकोग्लोबिन व प्लाकोफिलिन धरून ठेवतात, त्यांना डेस्मोप्लाकिन जोडलेले असते आणि डेस्मोप्लाकिनला केराटिनचे तंतू. हृदयात केराटिनच्या जागी डेस्मिन असते. खरी ताकद या शेवटच्या जोडणीत आहे: एका पेशीवर आलेला ताण तिच्या नाजूक पटलावर न थांबता तंतूंच्या जाळ्यातून सगळ्या थरात वाटला जातो.

कॅडहेरिनना कॅल्शियम लागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या द्रवातून कॅल्शियम काढले की नवे सांधे उकलतात. ऊतीतले जुने, पक्के झालेले सांधे मात्र कॅल्शियम नसतानाही टिकतात. जखमेच्या कडेला हा पक्केपणा कमी होतो; पेशींना सरकून जखम झाकायची असते.

आजार समजून घ्यायचा तर कोणते डेस्मोग्लीन कुठे आहे ते पाहावे. त्वचेत डेस्मोग्लीन-१ वरच्या थरांत भरपूर आणि खाली विरळ असते; डेस्मोग्लीन-३ फक्त खालच्या थरांत. तोंडाच्या अस्तरात बहुतांश भार डेस्मोग्लीन-३ वर असतो. पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ती फक्त १ विरुद्ध असतील तर त्वचा वरच्या वर फाटते. उथळ, लगेच फुटणारे फोड आणि खपल्या येतात, तोंड वाचते. हा पेम्फिगस फोलियेशियस. फक्त ३ विरुद्ध असतील तर तोंडात व्रण होतात, पण त्वचेला डेस्मोग्लीन-१ सांभाळून घेते. दोन्हींविरुद्ध असतील तर दोन्हीकडे फोड, आणि चीर सर्वांत खालच्या पेशींच्या लगेच वर पडते. हे दोन्ही प्रकार पेम्फिगस व्हल्गॅरिसचे. त्या तळच्या पेशी हेमिडेस्मोसोम या वेगळ्या सांध्याने खाली घट्ट असल्याने थडग्यांच्या रांगेसारख्या उभ्या दिसतात. लहान मुलांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष डेस्मोग्लीन-१ कापते आणि भाजल्यासारखी कातडी निघते. चिरेची पातळी तीच, वरची.

पेम्फिगस व्हल्गॅरिसची सुरुवात बहुधा तोंडात होते आणि तिथेच वेळ जातो. ‘तोंड आलंय’ म्हणून महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू राहतात. न भरणाऱ्या व्रणांची बायोप्सी करावी. दोन तुकडे लागतात: ताज्या फोडाच्या कडेचा फॉर्मॅलिनमध्ये, आणि फोडालगतच्या न सोललेल्या त्वचेचा प्रतिपिंडे पाहण्यासाठी मिशेल द्रवात (प्रतिपिंडे शाबूत ठेवणाऱ्या वाहतूक-द्रवात). दुसराही तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर ती चाचणी वाया जाते. योग्य नमुन्यात पेशींभोवती माशाच्या जाळ्यासारखी चकाकी दिसते.

स्टेरॉइड येण्यापूर्वी हा आजार बहुधा जीवघेणा ठरे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये त्वचारोगतज्ज्ञ जे. एस. पसरिचा यांनी पल्स उपचार रुजवला: १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून सलग तीन दिवस, त्यांतल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, दर महिन्याला, मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइड रोज ५० मिलिग्रॅम तोंडाने. सायक्लोफॉस्फामाइडचा प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, ही तरुण रुग्णांसाठी मोठी अडचण. आता प्रतिपिंडांच्या मागच्या बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबकडे कल आहे (१ ग्रॅमचे दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतराने). ते देण्याआधी हिपॅटायटिस-बी तपासणे आवश्यक असते, कारण दबलेला विषाणू उफाळू शकतो.

हृदयात बिघाड जनुकीय असतो. अतालजन्य उजव्या जवनिकेच्या आजारात (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याचा, ठोक्यांची लय बिघडवणारा आजार) सर्वाधिक वेळा दोष सापडतो तो प्लाकोफिलिन-२ च्या जनुकात. सांधे सुटतात, स्नायूपेशी मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू भरतात आणि विद्युत संदेश भरकटतो. दमछाक करणाऱ्या व्यायामाने हा आजार वेगाने बळावतो, म्हणून स्पर्धात्मक खेळ बंद करावे लागतात. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरून नाव पडलेल्या प्रकारात प्लाकोग्लोबिनचे जनुक सदोष असते. तिथे त्वचा आधी बोलते: जन्मापासून लोकरीसारखे केस, मूल हातापायांचा वापर करू लागताच तळहात-तळवे जाड होणे, आणि हृदयाची लक्षणे त्यानंतर, बहुधा किशोरवयात. अशा मुलाचा ईसीजी चक्कर किंवा बेशुद्धी येण्याची वाट न पाहता काढावा.