गॅझेट की दुरुस्ती? फौजी कागदांतल्या चुकीच्या नावाचं काय करायचं

“नावात चूक आहे ना? मग गॅझेट करून टाका.” ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) रांगेत, कॅन्टीनच्या दारात, सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर हा सल्ला हमखास मिळतो, आणि देणारा तो छातीठोकपणे देतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. नाव बदलणं आणि नोंद दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या जागी दुसरं केलं की माजी सैनिकाच्या, आणि बहुतेक वेळा त्याच्या पत्नीच्या, कागदांचा असा गुंता होतो की पुढे मुलांना तो सोडवत बसावं लागतं.

गॅझेट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो, प्रत मिळते. त्या जाहिरातीचा अर्थ एवढाच : आजवर माझं नाव अमुक होतं, यापुढे तमुक. ती तपासून दिलेली सरकारी पावती नव्हे. नावबदलाच्या पानावर छापलेलंच असतं की मजकुराची कायदेशीर जबाबदारी शासन घेत नाही, ती जाहिरात देणाऱ्याची. ही ओळ फार थोडे जण वाचतात.

आता दुरुस्ती. सगळा घोळ इथेच होतो.

दुरुस्ती म्हणजे जुनी नोंद झाली त्याच दिवशी चुकीची झाली होती, असं म्हणणं. जवान भरती होतो तेव्हा त्याची माहिती लिहिली जाते. लग्न झालं, मूल झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे अशा बदलांची नोंद करणारा हुकूम, काढतं आणि ती माहिती सैनिकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या दप्तरात जाते. डिस्चार्ज बुक (सेवा संपताना मिळणारं पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा हुकूम), स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवरचं नाव हे सगळं तिथूनच पुढे आलेलं असतं. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : ही नोंद झाली त्या दिवशी खरं नाव काय होतं?

लग्नात नाव बदलण्याची आपली रीत इथे नीट लक्षात घ्यावी लागते. समजा पार्ट टू ऑर्डरमध्ये पत्नीचं नाव ‘विमल’ आहे आणि आधारवर ‘सुनीता’. माहेरचं नाव विमल होतं, नवऱ्यानं तेच लिहून दिलं, सासरी मात्र सगळे सुनीता म्हणू लागले आणि आधारही त्याच नावाचं निघालं. इथे रेकॉर्ड खरं आहे. बाई खरोखरच विमल होत्या. हा नावबदल आहे आणि इथे गॅझेट योग्य आहे.

पण माहेरी-सासरी दोन्हीकडे नाव ‘विमल’च आणि रेकॉर्डमध्ये ‘बिमला’ लागलं असेल तर? कारकून उत्तरेकडचा, त्याच्या कानाला ‘व’चा ‘ब’ झाला. ही लिहिण्यातली चूक आहे. इथे गॅझेट केलं तर तुम्ही जाहीर करता की माझं नाव कालपर्यंत बिमला होतं. मग तीस वर्षांपूर्वीच्या शाळेच्या दाखल्यावर विमल कसं, असा प्रश्न पुढच्या टेबलावर कोणीतरी विचारणारच. ज्या नावानं तुम्हाला कधी कोणी हाक मारली नाही, ते आपलंच होतं असं तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून देता. मला हे मनापासून खटकतं. अशा वेळी जुने पुरावे जोडून दुरुस्तीचाच अर्ज करावा. रेकॉर्ड ऑफिसनं लेखी मागितलं तर गॅझेट जरूर करा, त्याआधी नको.

‘शकुंतला’चं ‘शकुंतलाबाई’, ‘दत्ता’चं ‘दत्तात्रय’, आडनाव पुढे की मागे, वडिलांचं नाव गळालेलं, हे सगळं बहुधा दुरुस्तीतच मोडतं. त्यात फार डोकं घालायची गरज नाही.

आणखी एक खूळ म्हणजे पुण्यात शिवाजीनगर कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करून आणायचं, ‘वरील दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’, आणि ते फाइलला लावून निर्धास्त व्हायचं. प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडायचा कागद आहे. त्यानं रेकॉर्डमधलं एक अक्षरही हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे डिस्चार्ज बुकमध्ये स्वतः पेनानं खाडाखोड करणं. कृपा करून ते करू नका.

जन्मतारखेची गोष्ट निराळी, आणि तिथेही पत्नीची तारीख वेगळी, सैनिकाची वेगळी. पत्नीची तारीख चुकीची असेल किंवा लागलेलीच नसेल तर ती आजच लावून घ्या. सैनिकामागे पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनात ८० वर्षांपासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. नोंदीत वय कमी लागलं की हक्काची वाढ अडते.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल या भरवशावर मात्र राहू नका. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचंच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातल्याच मिलिटरी हॉस्पिटलमधला. मॅट्रिकच्या दाखल्यावर १० मे १९५१, एनडीएच्या अर्जावर १९५०. लष्कर मुख्यालयातल्याच अ‍ॅडज्युटंट जनरल ब्रँचकडे एक साल, मिलिटरी सेक्रेटरी ब्रँचकडे दुसरं. लष्करप्रमुख असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचा रोख स्पष्ट होता : ते खरोखर कधी जन्मले हा इथला मुद्दा नाही, सेवेच्या नोंदीत कोणती तारीख मान्य झाली हा आहे. १० फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ ला ते १९५० सालाच्या हिशेबानं निवृत्त झाले. हातात मॅट्रिकचा दाखला असलेल्या सेनाप्रमुखांची ही गत, तर राजपत्रातल्या जाहिरातीनं आपली तारीख हलेल असं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

अर्ज कुठे करायचा हे सोपं आहे, तरी लोक चुकतात. पुण्यात राहतो म्हणून पुण्यातच काम होईल असं नाही. बॉम्बे सॅपर्स असाल तर रेकॉर्ड खडकीतच, तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं सागरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला आणि पुढे पाठवायला मदत करतं, पण दप्तर त्यांच्याकडे नसतं. बँकेकडे तर नसतंच.

अर्जात आर्मी नंबर, रँक, पीपीओ नंबर तर लिहालच. ज्या पार्ट टू ऑर्डरनं चुकीची नोंद झाली तिचा नंबर आणि तारीखही डिस्चार्ज बुकमध्ये सापडली तर लिहा, म्हणजे मूळ कागद शोधायला सोपं जातं. सोबत नोंदीच्या तारखेच्या आधीचा किंवा जवळपासचा पुरावा हवा : शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद, जुनं रेशनकार्ड. गेल्या वर्षी काढलेल्या आधारावरून आज तुमचं नाव काय हे कळतं. तेव्हा काय होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि पत्नीच्या नोंदीचं काम नवऱ्याच्या हयातीतच करा. ती माहिती त्यानं लिहून दिलेली असते, चूक झाली हे त्याच्या सहीनं सांगणं सर्वांत सोपं असतं.

दुरुस्तीची नवी पार्ट टू ऑर्डर निघाली की तिची प्रत मागून घ्या. त्यानंतर पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयातून (लष्करासाठी ते प्रयागराजला) पीपीओचा शुद्धिपत्रक हुकूम निघेपर्यंत पाठपुरावा करा, आणि तो आला की स्पर्शवर नाव उघडून अक्षर न् अक्षर वाचा. ईसीएचएस कार्डाला हात लावायचा तो त्यानंतर.