म्यूर गेली, क्वारेमोंट आला: टूर ऑफ फ्लँडर्सच्या मार्गाची पार्श्वभूमी

टूर ऑफ फ्लँडर्स, म्हणजे बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली एका दिवसाची सायकल शर्यत. तिचा विषय निघाला की चाहत्यांत आजही दोन तट पडतात. एका बाजूला हेरार्ड्सबर्गन गावातला म्यूर नावाचा चढ ज्यांच्या मनात घर करून बसला आहे ते, दुसऱ्या बाजूला औड क्वारेमोंट आणि पाटरबर्ग हे चढ पाहतच शर्यतीच्या प्रेमात पडलेले. म्यूरनंतर मेरबेकेला होणारा शर्यतीचा शेवट औडनार्डला हलवला गेला २०१२ मध्ये, आणि म्यूर मार्गातून गेली. इतकी वर्षे झाली तरी वाद मिटलेला नाही, कारण तो एका चढापुरता नाही. शर्यतीचा मार्ग कोणाचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

पहिली शर्यत २५ मे १९१३ रोजी गेंटहून सुटली. ३७ स्पर्धक, ३२४ किलोमीटर, फ्लँडर्सच्या गावागावांतून वळसा आणि शेवट गेंटजवळच्या मारियाकेर्केमधल्या लाकडी ट्रॅकवर. विजेत्याला १२ तासांहून अधिक वेळ लागला. शर्यतीमागे आदल्याच वर्षी निघालेले एक क्रीडा वृत्तपत्र होते. खप वाढवणे हा हेतू तर होताच, पण त्या काळच्या बेल्जियममध्ये कोर्टकचेऱ्या, उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठा फ्रेंच भाषेकडे होती. फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या पोराला स्वतःच्या भाषेतून, स्वतःच्या रस्त्यांवर नायक मिळवून देण्याची संस्थापकांची मनापासून इच्छा होती. पुढच्याच वर्षी फ्रेंच संघांनी आपल्या बेल्जियन खेळाडूंना इथे उतरू नका म्हणून बजावले. त्यातल्या एकाने ते ऐकले नाही, आणि १९१४ ची शर्यत त्यानेच जिंकली.

पहिल्या महायुद्धाची चार वर्षे वगळून १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी क्वारेमोंट व टीगमबर्ग हे चढ मार्गात आले. तरीही बरीच वर्षे ती घरचीच शर्यत राहिली. १९२३ मध्ये एका स्विस खेळाडूने ती जिंकली आणि त्याच वर्षी पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली मोठी शर्यतही मारली, पण असे अपवाद थोडे. तारीख बऱ्याचदा मिलान-सान रेमो या इटलीतल्या शर्यतीशी भिडायची, त्यामुळे इटलीचे मोठे खेळाडू येतच नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अडचण दूर झाली, आणि १९४९, १९५० व १९५१ अशी सलग तीन वर्षे एकाच इटालियनाने फ्लेमिश मंडळींना त्यांच्याच चिखलात हरवले.

युद्धकाळाबद्दल थोडे लिहायलाच हवे. १९४१ ते १९४४ या काळात देश जर्मनांच्या ताब्यात असतानाही ही शर्यत दरवर्षी झाली, तीही जर्मन अधिकाऱ्यांच्या परवानगीने. मुक्तीनंतर त्याचा हिशेब मागितला गेला. संस्थापकावर पत्रकारितेची आजन्म बंदी आली. त्याने ब्रिटिश वैमानिकांना घरात लपवले होते, असे एका ब्रिटिश सेनापतीचे पत्र आल्यावर ती उठली. आयोजकांनी जर्मनांशी फारच जुळवून घेतले, अशी टीका करत १९४५ मध्ये गेंटच्या एका प्रतिस्पर्धी वृत्तपत्राने आपली वेगळी शर्यत सुरू केली. तिचे पहिले नाव मूळ शर्यतीच्या नावाशी इतके मिळतेजुळते होते की ते बदलावे लागले. हीच ती फेब्रुवारीच्या अखेरीस मोसम उघडणारी ओम्लोप नावाची शर्यत. ती पुढे पुन्हा येणार आहे.

मार्गाची खरी उलथापालथ सुरू झाली ती डांबरामुळे. पन्नाशीच्या आणि साठच्या दशकांत बेल्जियमने रस्ते झपाट्याने सुधारले. ज्या दगडी फरसबंदीवर शर्यत निवडली जायची ती एकेक करून डांबराखाली गेली, आणि मोठे घोळके एकत्र शेवटपर्यंत पोहोचू लागले. मग आयोजकांनी नकाशे काढले आणि शेल्ड्ट नदीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत, शेतांकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटांवर चढ शोधायला सुरुवात केली. आज आपण ज्याला या शर्यतीचे प्राचीन रूप समजतो ते बहुतांशी या शोधातून आले आहे. क्वारेमोंटचा मुख्य रस्ता गुळगुळीत झाल्यावर त्याच्या शेजारची जुनी दगडी वाट १९७४ मध्ये घेतली, म्हणून तो ‘औड’, म्हणजे जुना क्वारेमोंट. कॉपनबर्ग आला १९७६ मध्ये. पाटरबर्ग तर १९८६ चा. आपल्या दारावरून शर्यत जावी म्हणून एका शेतकऱ्याच्या हट्टापायी तिथे दगड बसवले गेले, अशी गोष्ट त्या भागात सांगितली जाते.

म्यूर १९५० मध्ये पहिल्यांदा मार्गात आली होती, पण तिला तिचे खरे स्थान मिळाले ते शेवट मेरबेकेला गेल्यानंतर. तोवर शर्यत गेंटच्या आसपास, वेटेरेनला, मग गेंटब्रुगेला संपत आली होती. १९७३ ते २०११ अशा ३९ शर्यती मेरबेकेत संपल्या, आणि या काळात म्यूर आणि बॉसबर्ग ही जोडगोळी शर्यतीचा निकाल लावू लागली. शेवटाला साधारण १६ किलोमीटर उरले असताना म्यूर, चारेक किलोमीटरनंतर बॉसबर्ग, आणि मग मेरबेकेपर्यंतची जीवघेणी धाव. म्यूरचा चढ किलोमीटरभराचा. गावाच्या बाजारापासून सुरू होतो, घरांच्या मधून वर सरकतो, आणि शेवटी झाडीतून टेकडीच्या माथ्यावरच्या चॅपेलपाशी पोहोचतो. तिथला चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्या जवळ जातो. हेलिकॉप्टरमधून दिसणारे ते वळण, दोन्ही कडांना माणसांच्या भिंती आणि मधून वाट काढणारा एकटा खेळाडू हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला शर्यतीचे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. २०१० मध्ये याच चढावर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत, तरबेज असलेल्या एका स्विस खेळाडूने खोगिरावर बसल्या बसल्या बेल्जियमच्या लाडक्या खेळाडूला मागे टाकले. म्यूरने ठरवलेला तो शेवटचा मोठा निकाल म्हणावा लागेल.

चढ काढून टाकण्याचा प्रकार त्याआधीही झाला होता, पण त्याचे कारण वेगळे होते. १९८७ मध्ये कॉपनबर्गवर आघाडीवर असलेला एक डॅनिश खेळाडू अरुंद वाटेत अडखळून पडला. मागे येणारी अधिकाऱ्याची गाडी त्याच्या सायकलवरून पुढे गेली. त्याचे पाय तेव्हा पेडलच्या पट्ट्यांत अडकलेले होते. पुढच्या वर्षापासून कॉपनबर्ग बाद झाला आणि वाट दुरुस्त केल्यावरच, २००२ मध्ये, परतला. त्या निर्णयावर कोणी फारसे रडले नाही, कारण प्रश्न जिवाचा होता.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला निर्णय तसा नव्हता. तोवर फ्लेमिश शर्यती एकत्र चालवणारी एक नवी कंपनी उभी राहिली होती. तिने ठरवले की २०१२ पासून शेवट मेरबेकेऐवजी औडनार्डला होईल, आणि औड क्वारेमोंट व पाटरबर्ग यांच्याभोवती मोठ्या फेऱ्या असतील. म्यूर आणि बॉसबर्ग मार्गातून गेले. हेरार्ड्सबर्गनमध्ये म्यूरची प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघाली. आपल्याकडे ज्ञानोबांच्या पालखीने उद्या दिवेघाट टाळून वेगळ्या रस्त्याने सासवड गाठायचे ठरवले तर जे वाटेल, तसे त्या गावाला वाटले असणार.

आयोजकांची बाजू ऐकली तर तीत तथ्य आहे. म्यूरमुळे सगळे खेळाडू तिची वाट पाहत बसतात आणि आधीची शर्यत थंड पडते, असे ते म्हणत. फेऱ्या असल्या की प्रेक्षकाला एकाच जागी उभे राहून खेळाडू तीनदा दिसतात, पोलिसांना बंदोबस्त सोपा पडतो, गाड्यांची धावाधाव कमी होते. औडनार्डला २००३ पासून शर्यतीचे संग्रहालयही होतेच. पण क्वारेमोंटच्या शेतांत जे पांढरे तंबू उभे राहिले, त्यांनी या सगळ्या कारणांच्या मागचे मुख्य कारण दाखवले. तिकीट काढून, जेवणासह, एका जागी बसून शर्यत पाहणारा पाहुणा हवा असेल तर शर्यत त्याच्यासमोरून पुन्हा पुन्हा जायला हवी. म्यूरच्या उभ्या, झाडीत लपलेल्या गल्लीत तशी सोय होत नाही. रस्त्याच्या कडेला फुकट उभे राहणे हा या खेळाचा पाया आहे, आणि आजही तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. मात्र मार्ग आखताना आधी विचार कोणाचा झाला, हे २०१२ मध्ये पहिल्यांदा उघड दिसले.

परंपरा मोडली, हा आरोप मला तितकासा पटत नाही. मेरबेकेचा शेवट १९७३ चा, पाटरबर्ग १९८६ चा. इथले काहीच १९१३ पासूनचे नाही. सुरुवातसुद्धा गेंटहून १९७७ मध्ये सिंट-निक्लासला, १९९८ मध्ये ब्रूजला, २०१७ मध्ये अँटवर्पला गेली, आणि २०२३ पासून ब्रूज व अँटवर्प आलटून पालटून यजमान आहेत. फरक इतकाच की आधी मार्ग बदलला तेव्हा आयोजक अवघड रस्ता शोधत होते. २०१२ मध्ये त्यांनी आधी बसायची जागा शोधली आणि रस्ता तिच्याभोवती गुंडाळला. चाहत्यांचा राग त्यावर होता, आणि तो रास्त होता.

खेळाच्या अंगाने मात्र नवा मार्ग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पहिल्या वर्षी तिघांची शेवटच्या क्षणापर्यंत धाव (स्प्रिंट) झाली आणि विरोधकांना बळ मिळाले. पण औड क्वारेमोंट २२०० मीटर लांब आहे, सरासरी चढ फक्त ४ टक्के. तिथे क्षणाचा झटका पुरत नाही, मिनिटामागून मिनिट जोर लावता आला पाहिजे. त्याच्या मागोमाग ३६० मीटरचा पाटरबर्ग, सरासरी जवळपास १३ टक्के. शेवटच्या पाटरबर्गनंतर औडनार्डपर्यंत १३ किलोमीटर सपाट. या रचनेत बलवान खेळाडूला थांबून राहणे परवडत नाही. २०१४ मध्ये कॉपनबर्ग फेऱ्यांच्या मधोमध ठेवला गेल्यावर तर हल्ले आणखी आधी होऊ लागले. २०२४ च्या पावसात कॉपनबर्गवर बहुतेकांना उतरून सायकल ढकलत चालावे लागले, आणि जो खोगिरावर टिकला तो तिथून ४० किलोमीटरहून अधिक एकटा जाऊन तिसऱ्यांदा जिंकला. २०२३ आणि २०२५ मध्ये निर्णायक हल्ला औड क्वारेमोंटच्या शेवटच्या फेरीवर झाला, दोन्ही वेळा एकाच स्लोव्हेनियन खेळाडूकडून. टूर दी फ्रान्स जिंकणारा इथेही जिंकतो, हे अनेक वर्षे विसरले गेले होते.

महिलांची शर्यत २००४ पासून आहे. सुरुवातीला तीही मेरबेकेतच संपायची, मग तिलाही औडनार्डला यावे लागले. १०० किलोमीटरच्या आतबाहेर सुरू झालेली ही शर्यत आता १६० च्या पुढे गेली आहे, आणि औड क्वारेमोंट, पाटरबर्ग, कॉपनबर्ग हे तिन्ही चढ तिच्यातही आहेत. एका बेल्जियन खेळाडूने २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीनदा ती जिंकली.

म्यूरचे पुढे काय झाले? २०१७ मध्ये अँटवर्पहून सुरुवात झाली तेव्हा ती मार्गात परतली, पण शेवटाला ९० हून अधिक किलोमीटर उरलेले असताना. त्या वर्षी तिथूनच शर्यत फुटली, आणि पुढे औड क्वारेमोंटवरून एक बेल्जियन खेळाडू राष्ट्रीय विजेत्याच्या जर्सीत ५५ किलोमीटर एकटा गेला. हा दिवस पाहून म्यूर आता राहणार असे वाटले होते. २०१९ पर्यंत ती राहिलीही. २०२० ची शर्यत महामारीमुळे ऑक्टोबरमध्ये, छोट्या मार्गावर झाली आणि म्यूर गळाली. २०२५ पर्यंत ती परतलेली नव्हती.

पण म्यूर, बॉसबर्ग, मग मेरबेके हा जुना शेवट आजही दरवर्षी होतो. २०१८ पासून तो ओम्लोपकडे आहे, म्हणजे १९४५ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्सच्या विरोधात निघालेल्या त्याच शर्यतीकडे. दोन्ही शर्यती आता एकाच कंपनीच्या आहेत. चॅपेलपाशी गर्दी होते, पण फेब्रुवारीत, आणि मोसमाच्या पहिल्या शर्यतीला खेळाडूंचे पाय एप्रिलसारखे तयार नसतात. म्यूरला एप्रिलचा रविवार परत मिळायला हवा, निदान दोन-तीन वर्षांतून एकदा तरी. अँटवर्पहून सुरुवात असते त्या वर्षी ते शक्य आहे, हे २०१७ ने दाखवलेच आहे.