बालकांमधील कॅथेटर अ‍ॅब्लेशन

हृदयाचे ठोके अवाजवी जलद करणारी जागा, शिरेवाटे आत नेलेल्या कॅथेटरच्या टोकाने तापवून किंवा गोठवून निकामी करण्याची उपचारपद्धती. मुलांमध्ये ती प्रामुख्याने अतिरिक्त वहनमार्ग (हृदयाचे वरचे कप्पे म्हणजे अलिंद व खालचे म्हणजे निलय यांना जोडणारा जन्मजात जादा विद्युतमार्ग; वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट दोष यातच मोडतो) आणि एव्ही नोडलगतच्या (अलिंदांचे विद्युतसंदेश निलयांकडे पाठवणाऱ्या गाठीलगतच्या) दुहेरी मार्गामुळे होणारी जलदगती यांसाठी वापरतात.

या पद्धतीचा आरंभ कोणता मानावा याविषयी मतभेद आहेत. डिफिब्रिलेटरचा (हृदयाची लय पूर्ववत करण्यासाठी विद्युतझटका देणाऱ्या यंत्राचा) झटका अनवधानाने कॅथेटरमधून जाऊन एव्ही वहन (अलिंदांकडून निलयांकडे जाणारे संदेशवहन) तुटल्याची नोंद फ्रान्समध्ये १९७९च्या सुमारास झाली. रुग्णांवर हेतुपूर्वक केलेला उपचार मात्र शाइनमन व गॅलघर या हृदयतज्ज्ञांच्या गटांनी १९८२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. अपघाताला उपचार म्हणता येत नसल्याने १९८२ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. सुरुवातीच्या या उपचारांतील थेट विद्युतझटक्याने हृदयात स्फोटासारखा दाब निर्माण होई, म्हणून त्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओ वारंवारतेचा प्रवाह (सु. ५०० किलोहर्ट्‌झ) पुढे आला. मुलांमध्ये तो १९९०च्या आसपास रूढ होऊ लागला.

मुलाला भूल देऊन जांघेतील शिरेतून साधारण ५ ते ७ फ्रेंच जाडीचे कॅथेटर घालतात (१ फ्रेंच म्हणजे १/३ मिमी.). डाव्या बाजूला काम असल्यास हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) देतात. ऊतक ५०° से.च्या वर गेले की कायमचे मरते, १००° से.ला टोकावर रक्त साकळते. योग्य जागी मार्ग बहुधा काही सेकंदांतच तुटतो. सु. १० सेकंदांत तुटला नाही, तर जागा चुकली असे समजून प्रवाह बंद करावा. उगाच जाळत राहू नये.

खरी अडचण आकाराची आहे. लहान हृदयात कोखचा त्रिकोण (एव्ही नोड असलेला उजव्या अलिंदाचा भाग) चिमुकला असतो आणि एव्ही नोड काही मिलिमीटरवरच असतो. दुहेरी मार्गांपैकी मंद मार्ग जाळताना जंक्शनल ठोके (एव्ही नोडच्या परिसरातून उठणारे) येतात. त्या ठोक्यांचे अलिंदाकडे उलट वहन थांबलेले दिसताच प्रवाह तत्क्षणी तोडावा, अन्यथा कायमचा हृदयरोध (अलिंदांचे संदेश निलयांपर्यंत न पोहोचणे) होऊन पेसमेकर आयुष्यभरासाठी मागे लागू शकतो. अशा जागी गोठवणे अधिक सुरक्षित. सु. −३०° से.ला परिणाम तपासता येतो व तो बहुधा उलटवता येतो. नंतर −७०° से. किंवा त्याखाली सु. ४ मिनिटे ठेवतात. टोक गोठून चिकटत असल्याने ते घसरत नाही. मात्र विकार परत येण्याचे प्रमाण रेडिओ प्रवाहापेक्षा जास्त असते. झडपांच्या कड्यालगत परिहृद रोहिणीला (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) इजा होण्याची भीती वेगळीच. कोकरांवरील प्रयोगांत अपरिपक्व निलयातील व्रण वाढीबरोबर मोठा होत गेल्याचे आढळले, १५ किग्रॅ.पेक्षा कमी वजनात हात आखडता घेण्यामागे हेही कारण आहे.

तान्ह्या मुलांतील जलदगती बऱ्याचदा पहिल्या वर्षात आपोआप शमते. म्हणून औषधांना न जुमानणारी, सतत चालून निलय दुबळे करणारी जलदगती सोडल्यास थांबणेच हिताचे. लक्षणे नसलेल्या वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट दोषात, अलिंद-कंपनाच्या (अलिंदांच्या अनियमित, अतिजलद थरथरण्याच्या) वेळी अतिरिक्त मार्गाने आलेल्या दोन ठोक्यांमधील किमान अंतर २५० मिलिसेकंद किंवा कमी भरल्यास अचानक मृत्यूचा धोका जास्त मानून अ‍ॅब्लेशनचा विचार करतात. एब्स्टाइन दोषात (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेच्या जन्मजात विकृतीत) मार्ग अनेक असू शकतात आणि यश कमी मिळते.